लगतधारकास नोटीस

आमचं वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा सगळं फार सभ्यपणे ठरलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. आदळआपट नाही, रडारड नाही, एक कपसुद्धा फुटला नाही. (एक फुटला, पण तो धुताना माझ्या हातून फुटला आणि त्याला आधीच चीर होती.) भांडण कशावरून झालं ते सांगत बसत नाही. मला जे कारण आठवतं ते तिला मान्य नाही, आणि तिला जी कारणं आठवतात ती एका बैठकीत सांगून होण्यासारखी नाहीत. मुलगी लग्न होऊन लांब असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. तुम्ही दोघं जेवलात का?" तेव्हा एवढंच धरून चाला, की सव्वीस वर्षांच्या संसारानंतर एका रविवारी चहा पिता पिता आमचं दोघांचं एकमत झालं की आता पुरे. इतकं चटकन एकमत आमचं त्याआधी कधी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

प्रश्न फक्त घराचा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कागदोपत्री घर माझ्या एकट्याच्या नावावर. त्यामुळे माझी अशी प्रामाणिक समजूत होती, की वेगळं व्हायचं म्हणजे ती वेगळी होणार आणि मी आहे तिथेच राहणार. ही समजूत घेऊन मी वकिलांकडे गेलो.

"घरात बायको राहते?" वकिलांनी विचारलं.

"हो, पण नाव माझं आहे."

"नाव दारावर ठेवा. ती राहते ना? मग ते तिचंही राहतं घर. निकाल लागेपर्यंत तुम्ही तिला बाहेर काढू शकत नाही आणि ती तुम्हाला काढू शकत नाही. दोघांनीही भांडून बिऱ्हाड हलवायची घाई करू नका. आणि कुलपांना हात लावू नका. कळलं?"

मी कळलं म्हणालो, आणि तेव्हा ते खरंच कळलं होतं. पण वकिलांच्या कचेरीतून आमच्या घरापर्यंत येताना मधे जिना लागतो, आणि जिन्यात समोरच्या ब्लॉकमधले फौजदारसाहेब उभे असतात. ते फौजदार कधीच नव्हते. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात कारकून होते आणि जप्त केलेल्या सायकली मोजत असत. पण निवृत्त झाल्यापासून सगळी इमारत त्यांना फौजदारसाहेब म्हणते आणि त्यांनी कधी कोणाला दुरुस्त केलेलं नाही.

"बिऱ्हाड हलवू नका म्हणजे काय, ते कळलं का तुम्हाला?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "वकील लोक उघड बोलत नाहीत. घर सोडायचं नाही. एक रात्रसुद्धा नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. एक रात्र बाहेर काढलीत की त्या लिहून देणार, हे घर सोडून गेले."

"आणि ऑफिस?"

यावर त्यांनी जरा विचार केला. "दिवसाचं चालतं," ते म्हणाले. "रात्रीचं नाही."

त्याच सुमारास तळमजल्याच्या काकू माझ्या बायकोला नेमका हाच कायदा शिकवत होत्या. मला हे माहीत आहे, कारण काकूंचा आवाज न्हाणीघराच्या झरोक्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. "पाय बाहेर टाकलास की गेलं समज," हे वाक्य मी दाढी करताना ऐकलं.

झालं. पूर्वी दर गुरुवारी मी कॅरम खेळायला जायचो आणि परत यायला उशीर झाला की मित्राकडेच झोपायचो. महिन्यातून एकदा ती तिच्या मोठ्या बहिणीकडे दोन दिवस राहून यायची. आता दोघंही संध्याकाळी सातच्या ठोक्याला घरी हजर. ती एका खुर्चीत, मी दुसऱ्या खुर्चीत, आणि दोघांचं लक्ष दाराकडे. सव्वीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतक्या सहवासात कधी नव्हतो, जितक्या वेगळे झाल्यावर राहिलो.

त्यात बोलण्याची पंचाईत. वेगळं व्हायचं ठरल्यापासून तिने मला "अहो" म्हणणं बंद केलं. माझं नाव तर तिने आयुष्यात कधी घेतलेलं नाही. त्यामुळे मला हाक मारायला तिच्याकडे काही उरलंच नाही. गॅस संपलाय हे सांगायचं झालं तर ती डाव ओट्यावर तीनदा आपटायची. टेबलावर पाणी सांडलं तर दोनदा. माणसाला आपल्याच घरात कोणी हाक मारू नये, हे दुःख ज्याला झालंय त्यालाच कळेल. मीही मग हट्टाने तिला "आपण" म्हणू लागलो. "आपण न्हाणीघरातून केव्हा बाहेर येणार?" हे वाक्य म्हणून पाहा, म्हणजे माझी अवस्था लक्षात येईल.

आता मी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. पण माझा नाइलाज होता. मी एकोणतीस वर्षं भूमापन कचेरीत मोजणीदार आहे. लोकांच्या शेतांच्या, परसांच्या, भावाभावांच्या वाटण्यांच्या हद्दी मी ठरवतो. भांडण मिटवायचा एकच उपाय मला येतो, तो म्हणजे फीत लावणे. आणि आमच्या खात्याचा पहिला नियम असा, की मोजणीआधी लगतधारकाला लेखी नोटीस गेली पाहिजे. लगतधारक म्हणजे ज्याची जमीन तुमच्या जमिनीला लागून आहे तो. त्याला बोलावलं नाही तर केलेली मोजणी फुकट. तेव्हा मी रीतसर नोटीस टाइप केली आणि स्वयंपाकघराच्या दाराखालून आत सरकवली. "आपणांस कळविण्यात येते की सदर मिळकतीची मोजणी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता होणार असून आपण लगतधारक या नात्याने हद्दी दाखविण्यासाठी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही."

बायको वाचनालयात ग्रंथपाल आहे. तासाभराने नोटीस परत आली. खाली पोच होती, आणि दोन ऱ्हस्वदीर्घ लाल शाईने दुरुस्त केलेले होते.

रविवारी अकराला ती खुर्ची घेऊन मधोमध येऊन बसली. मी फीत लावली, कच्चा नकाशा काढला, दोनदा ताडून पाहिला. माझी मोजणी चोख होती, हे मी आजही कुणालाही सांगेन. चूक मोजणीत नव्हती, घरात होती. बरोबर निम्मं निम्मं केलं तर हद्द ओट्यावर गॅसच्या शेगडीच्या मधून जात होती. डावा बर्नर तिचा, उजवा माझा. फ्रिज तिच्या हद्दीत, पण त्याचं दार उघडायचं माझ्या हद्दीत. न्हाणीघर सगळंच्या सगळं तिच्याकडे गेलं आणि बाहेरचं दार माझ्याकडे आलं. म्हणजे तिला घराबाहेर जायला माझ्यातून जावं लागणार, आणि मला अंघोळीला तिच्यातून.

"वहिवाट," मी म्हणालो. एखाद्या वाटेने माणूस वर्षानुवर्षं जात येत असेल तर ती वाट कोणी अडवू शकत नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. "आपल्याला दारापर्यंत वहिवाट, मला न्हाणीघरापर्यंत."

ती उठली, खुर्ची उचलली आणि म्हणाली, "न्हाणीघराची वहिवाट सकाळी सात ते सव्वासात." मग मी फरशीवर पांढरी चिकटपट्टी ओढली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हद्दीतल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आली. किसणीवर आकडा, चाळणीवर आकडा, आणि फ्रिजच्या दारावर वाचनालयात असतात तशा छोट्या कार्डांचा गठ्ठा. मला लिंबू पिळायचं झालं की मी कार्ड भरायचं, ती त्यावर परतीची तारीख टाकणार, आणि मग लिंबाचं यंत्र सात दिवसांसाठी मला मिळणार. मी एकदा किसणी वेळेत परत केली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर "विलंब करणाऱ्या सभासदांची यादी" लागली होती. यादीत एकच नाव होतं, तेही "सभासद क्र. १" असं. नाव घ्यायचं तिने तिथेही टाळलं.

हे असं दोन महिने चाललं. मधे फौजदारसाहेबांनी आणखी एक पिल्लू सोडून दिलं. "तुम्ही इथे राहता याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं. मला धक्काच बसला. या माणसाशी मी रोज सकाळी कचऱ्याच्या डब्यापाशी बोलतो. पण पुरावा खरंच नव्हता, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे रहिवासी दाखला मागायला गेलो.

सेक्रेटरींना अर्जांची मनापासून आवड आहे. त्यांनी दोन पानी छापील अर्ज काढून कलम सातवर बोट ठेवलं. "अर्जदार सदर घरात राहत असल्याबद्दल त्याच घरात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीचं निवेदन, सही आणि अर्जदाराशी नातं."

"माझ्या घरात मी राहतो, हे बायकोने सांगायचं?"

"एकटे राहत असता तर प्रश्न नव्हता. मग कलम आठ."

"तुम्ही मला रोज बघता की."

"मी बघतो ते शेजारी म्हणून. कलम सातला ते चालत नाही." आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, "कालच वहिनीही घेऊन गेल्यात. अर्ज." म्हणजे दोघांच्याही कपाटात एकेक अर्ज पडला. बाकी सगळा भरलेला, कलम सात कोरं.

आता मुख्य प्रकरण. आमच्या साहेबांनी मला तालुक्याच्या पलीकडे तीन दिवसांच्या मोजणीला जायला सांगितलं होतं. दोन महिने मी कंबर, दात आणि चुलतसासरे या क्रमाने कारणं देऊन ते टाळलं. शेवटी साहेब म्हणाले, सोमवारी गेला नाहीत तर दुसऱ्याला पाठवतो आणि तुमची बदलीच तिकडे करतो. मी फौजदारसाहेबांकडे गेलो.

"तुम्ही गेलात की त्या कुलूप बदलणार," ते म्हणाले. "तेव्हा आधी तुम्हीच एक वरचं बसवून घ्या. मग त्या काय वाट्टेल ते बदलोत."

"वकील म्हणाले होते कुलपांना हात लावू नका."

"वकील आणखी काय म्हणणार?"

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली, ती वाचनालयात असताना कुलूपवाल्याला बोलावलं आणि दाराला वरच्या बाजूला आणखी एक आपोआप लागणारं कुलूप बसवून घेतलं. आतून त्यावर रेनकोट अडकवला. बाहेरून किल्लीचं भोक आमच्या दोघांच्या नावाच्या पाटीच्या बरोबर मागे आलं, त्यामुळे कोणाला दिसायचा प्रश्न नव्हता. कुलूप सोमवारपर्यंत लागू नये म्हणून त्याची खिट्टी वर चढवून ठेवली आणि किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधली. इतकं बिनचूक काम मी नोकरीतही क्वचित केलं असेल.

रविवारी दुपारी घंटा वाजली. सेक्रेटरी. सोमवारी पाण्याची टाकी धुणार, त्याची सूचना मिळाल्याबद्दल "घरातल्या रहिवाशाची सही" हवी होती. रहिवासी हा शब्द ऐकला मात्र, मी माझ्या हद्दीतून उठलो आणि ती तिच्या हद्दीतून. सहीचा कागद म्हणजे पुरावा. दोघंही एकदमच दाराबाहेर पोचलो आणि दोघांनीही पेन धरलं. तेवढ्यात बाल्कनीतून वारा आला आणि मागे दार धाडकन लागलं. पाठोपाठ वर खट्ट असा एक बारीक आवाज आला. तो फक्त मला कळला. खिट्टी पडली होती.

मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात होतो. तिच्या हातात फोन आणि चष्म्याचं घर होतं.

"किल्ली?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आत खुंटीवर," मी म्हणालो. खालच्या कुलपाची खरोखरच तिथे होती. वरच्याची नाडीला होती, पण ती दाखवायची म्हणजे कुलूप दाखवायला हवं, आणि खालचं उघडल्याशिवाय तिचा उपयोगही नव्हता. बायकोने चष्म्याचं घर छातीशी जरा घट्ट धरलं, ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पाच मिनिटांत जिना भरला. फौजदारसाहेब बाहेर आले, काकू तीन मजले चढून आल्या.

"आता प्रश्न असा," फौजदारसाहेब म्हणाले, "की घर आधी कोणी सोडलं?"

"एकदमच आले दोघं," सेक्रेटरी म्हणाले.

"पाय कोणाचा आधी पडला? कायद्याला पाय लागतो."

"तुम्ही राहा गप्प," काकू म्हणाल्या. मग बायकोला म्हणाल्या, "तू मात्र उंबऱ्याला टेकूनच बस हं."

सेक्रेटरींनी कुलूपवाल्याला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "नवरा-बायकोचं काही चाललंय का त्या घरात?" मागे एकदा अशा एका घराचं दार त्याने भलत्याच माणसाला उघडून दिलं होतं आणि ते प्रकरण त्याच्या अंगाशी आलं होतं. तेव्हापासून त्याचा नियम, की दोघंही तिथले राहणारे आहेत असं सोसायटीचं पत्र तयार असेल तरच तो येतो. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. पत्र म्हणजे रहिवासी दाखला. दाखला म्हणजे अर्ज. अर्ज म्हणजे कलम सात.

मी फौजदारसाहेबांकडे पाहिलं. "साहेब, तुम्हीच लिहून द्या ना, मी इथला आहे म्हणून."

"कोर्टात जाणारं प्रकरण आहे," ते म्हणाले. "यात माझी सही नको." काकूंना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. दोन महिने ज्यांनी आम्हाला कायदा शिकवला, त्यांच्यातला एकही माणूस आम्ही कुठे राहतो हे कागदावर लिहायला तयार नव्हता.

सेक्रेटरींनी खालून दोन कोरे अर्ज आणले. मी एका पायरीवर बसलो, ती दोन पायऱ्या वर. तिच्या अर्जातलं कलम सात मी भरायचं होतं. "ही या घरात" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. माझ्या घरात, असं लिहावंसं वाटत होतं. पण मी मोजणीदार आहे. जागेवर जे दिसतं ते लिहायची मला सवय आहे. फरशीचा रंग तिने निवडला होता. बाल्कनीचा गज वाकला तो मुलीला झोका बांधला म्हणून, आणि तो झोका तिने बांधला होता. मी लिहिलं, "ही या घरात सव्वीस वर्षं राहते. घर लावलं तिनेच." नात्याच्या रकान्यात "पत्नी" लिहिलं, आणि खोटं नको म्हणून पुढे कंसात "तूर्त" लिहिलं.

तिने माझा अर्ज पूर्ण वाचला, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत, मग कलम सात भरून सेक्रेटरींकडे दिला. सेक्रेटरी वाचून म्हणाले, "वहिनी, हे नातं आमच्या यादीत नाही. लगतधारक म्हणजे काय?"

"मला तशी नोटीस आलेली आहे," ती म्हणाली. "लेखी."

काकू हसल्या. मी जिन्याच्या कठड्याचा रंग कुठे कुठे उडालाय ते पाहत बसलो. त्यावेळी मला कोणी विचारलं असतं, तर ती नोटीस मी परत घेतली असती.

एवढ्यात तिचा फोन वाजला. ती भिंतीकडे तोंड करून बोलली, पण जिन्यात भिंत असून नसल्यासारखीच असते. "नाही गं ताई, नाही जमत. वाचनालयात पुस्तकांची मोजदाद आहे... हो, याही वेळेला तीच आहे... शेजारच्या बाई येतील ना तुझ्याबरोबर? मग झालं तर. मंगळवारी मी फोन करते." वाचनालयातली मोजदाद वर्षातून एकदा होते आणि ती होऊन चार महिने झाले, हे मलाही माहीत होतं.

"मंगळवारी काय आहे?" मी विचारलं. दोन महिन्यांत "आपण" न लावता विचारलेलं हे पहिलं वाक्य.

"ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. एकदा माझ्यासाठी पुढे ढकललं तिने."

"मग तू जात का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. "आठ दिवस तिकडे राहिले तर परत कुठे येऊ?"

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. तिची ताई एकटी असते. आमच्या लग्नात मला हाताला धरून पहिल्यांदा जेवायला बसवलं होतं तिनेच. आणि मी इकडे किसणीची तारीख चुकवल्याबद्दल दोन दिवस रुसून बसलो होतो.

फोन पायजम्याच्या खिशात होता, तेवढं नशीब. मी तिथेच, सगळ्यांसमोर, वकिलांना लावला आणि स्पीकर सुरू केला. "साहेब, बायको आठ दिवस बहिणीच्या ऑपरेशनला गेली तर घरातला तिचा हक्क जातो का?"

"कोण म्हणालं?"

फौजदारसाहेब गच्चीच्या दिशेने टाकी पाहू लागले.

"अहो, आठ दिवस जाऊ दे नाही तर महिना जाऊ दे," वकील म्हणाले. "आजारी माणसाकडे गेलं म्हणून कोणाचं घर सुटत नाही. तुमचंही सुटत नाही. मी म्हणालो होतो, भांडून बिऱ्हाड हलवू नका. आणि कुलपांना हात लावू नका म्हणालो होतो. लावला नाहीत ना?"

"आवाज नीट येत नाहीये साहेब," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

"ऐकलंस?" मी तिला म्हणालो. "उद्याच्या गाडीने जा. तुझी जागा कुठे जात नाही. पाहिजे तर कलम सातच्या मागे लिहून देतो, नकाशा जोडून."

ती काही म्हणणार होती, पण कुलूपवाला जिना चढून आला. त्याने सेक्रेटरींचं पत्र वाचलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला कशाला बोलावलंत?" तो म्हणाला. "ही दोन्ही मीच बसवली की. वरचं परवा साहेबांनी, खालचं काल बाईंनी. साहेब भाजी आणायला गेले होते तेव्हा. दोघांकडेही नव्या किल्ल्या आहेत. मला वाटलं, चोरांना घाबरता."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने चष्म्याचं घर उघडलं. आत चष्मा नव्हताच, दोन चकचकीत किल्ल्या होत्या. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी भिंतीकडे तोंड करून नाडीची गाठ सोडवायला लागलो. गाठ घट्ट बसली होती आणि एका हाताने पायजमा धरावा लागत होता. एकोणतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझा इतका पाणउतारा कधी झाला नव्हता.

"दोन्ही एकदम फिरवा," कुलूपवाला म्हणाला. मी पाटी उचलून वरची किल्ली लावली, तिने वाकून खालची लावली. दार उघडलं. फौजदारसाहेब आधी कोणाचा पाय आत पडतो ते पाहायला पुढे वाकले, तेव्हा काकूंनी त्यांना बाजूला ओढलं.

"वरचं काढून टाका," ती कुलूपवाल्याला म्हणाली. मग चष्म्याच्या घरातली दुसरी किल्ली काढून तिने माझ्या हातावर ठेवली. कार्ड भरायला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी आधी मी मोजणीला गेलो आणि माझ्यानंतर ती ताईकडे. दोन महिने ज्या घराला आम्ही एक रात्र एकटं सोडलं नव्हतं, ते तीन दिवस कुलूपबंद राहिलं आणि त्याला काही झालं नाही. बुधवारी संध्याकाळी मी परत आलो तर फ्रिजच्या दारावर एक कार्ड लावलेलं होतं. वस्तूच्या रकान्यात काही नव्हतं. परतीची तारीख होती, पुढच्या मंगळवारची.

ते कार्ड मी दिवसातून किती वेळा वाचलं ते सांगत नाही. घरात कोणी नसूनही मी न्हाणीघरात सात ते सव्वासातच जात होतो. उजव्या बर्नरवरच चहा करत होतो. रविवारी मात्र गुडघ्यांवर बसून फरशीवरची चिकटपट्टी काढली. निम्मी निघाली, निम्म्या पट्टीचा डिंक राहिला, तो अजून आहे. फौजदारसाहेब दारात येऊन म्हणाले, "त्या परत आल्या नाहीत तर मैदान मोकळं की तुम्हाला." मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि हात जोडून सांगितलं की यापुढे मला कायदा सांगायचा नाही.

मंगळवारी मी रजा टाकली. दुपारी तीनपासून दार उघडं ठेवून बसलो. चार वाजले, साडेचार वाजले. ग्रंथपाल बाई तारीख चुकवत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी दोनदा कठड्यावरून वाकून पाहिलं. पाच वाजून गेले तेव्हा जिन्यात पावलं वाजली, पहिल्या मजल्यावर थांबली, आणि मग खालून, तीन मजले ऐकू जाईल अशा आवाजात, हाक आली.

"अहो, जरा खाली या. बॅग जड आहे."